मावळ्याचा अंगरखा बगलेत का उसवतो?

नाशिकच्या शिवजयंतीची मिरवणूक वाकडी बारवेपासून निघाली होती. आमच्या पथकातला दांडपट्टा खेळणारा पोरगा दोन चौक झकास खेळला. मेन रोडवर त्यानं पट्टा डोक्यावरून गरकन फिरवला आणि उजव्या बगलेची शिवण टर्रकन गेली. पुढचा चौक तो बिचारा कोपर अंगाला चिकटवूनच खेळला. रविवार कारंजावर मला गाठून म्हणाला, “काकू, पिन आहे का हो?”

पिन होती. मिरवणुकीला निघताना माझ्या पिशवीत विसेक पिना असतातच. रात्री मात्र तो अंगरखा मी घरी आणला आणि ट्यूबलाइटखाली उलटा करून बघितला. टीप घट्ट होती, दोराही चांगला होता. चूक कापण्यात होती. अंगरखा म्हणून जे विकलं होतं तो मुळात शर्टच. पुढं एक तिरका पल्ला, चार बंद आणि काठाला सोनेरी लेस लावून त्याला अंगरख्याचं सोंग दिलेलं.

पंचवटीत माझं घरगुती शिवणकाम आहे. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश, असं सगळं. सजीव देखाव्यांचे कपडे शिवायला लागले ते या उसवलेल्या बगलेपासून. त्यामुळे ‘अस्सल ऐतिहासिक पोशाख’ म्हणजे नेमकं काय, हे मी समजावणार तेही तिथूनच.

आजच्या शर्टाचा मुंढा गोल कापतात आणि बाही त्या गोलाईत बसवतात. हात खाली असेपर्यंत ते सुरेख दिसतं, खांद्यावर चुणी पडत नाही. हात वर नेला की बाहीबरोबर अंगाचं कापडही वर ओढलं जातं. बसमध्ये दांडी धरली की शर्ट पँटीतून बाहेर येतो, तो यामुळेच. मावळ्याच्या कमरेला तर शेला आवळलेला. कापडाला वर सरकायला वावच नाही, मग सगळा ताण बगलेच्या शिवणीवर येतो.

जुन्या कापणीत मुंढा गोल नसतो. बाही म्हणजे मनगटाकडे निमुळता होत गेलेला सरळ तुकडा. तो अंगाच्या सरळ कडेला तसाच जोडतात आणि बगलेत तीन-चार इंची चौकोनी तुकडा बसवतात, कोपरा खाली करून, शंकरपाळ्यासारखा. याला चौबगला म्हणतात. हात वर केला की शंकरपाळं उघडतं, खाली आणला की मिटतं, आणि कमरेचा शेला जागचा हलत नाही. बाहेरून हा तुकडा दिसतसुद्धा नाही, म्हणून फोटो बघून शिवणाऱ्याला तो सापडत नाही. भद्रकालीतल्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी मला तो वर्तमानपत्राच्या कागदात कापून दाखवला, तेव्हा माझी निम्मी शिकवणी तिथंच झाली.

दुसरी गोष्ट कळ्यांची, म्हणजे घेरासाठी जोडायच्या निमुळत्या पट्ट्यांची. अंगरख्याचा किंवा जाम्याचा, म्हणजे तशाच लांब घेरदार दरबारी पोशाखाचा, खालचा घेर आपल्याला शाही थाट वाटतो. त्यामागं हिशेब आहे, आणि तो कंजूष हिशेब आहे. हातानं सूत कातायचं, हातानं विणायचं, म्हणजे चिंधी फेकून देणं परवडणारं नव्हतं. समजा ३६ इंच लांब आणि १२ इंच रुंद तुकडा आहे. वरच्या कडेला डावीकडून २ इंचांवर खूण करायची, खालच्या कडेला उजवीकडून २ इंचांवर, आणि दोन खुणा जोडणाऱ्या तिरक्या रेघेवर कात्री चालवायची. दोन कळ्या मिळतात. प्रत्येकीचं एक टोक २ इंच, दुसरं १०. एकीला उलटी केली की दोन्ही सारख्या. असे चार तुकडे कापले की आठ कळ्या: वर कमरेशी १६ इंच, खाली ८० इंच घेर, आणि वाया गेलेलं कापड शून्य. शिवणीत जाईल ते वेगळं.

कळ्या जोडतानाची एक खुबी मला दोन अंगरखे बिघडवल्यावर कळली. कळीची एक कड सरळ धाग्यावर असते, दुसरी तिरकी. तिरकी कड ताणली जाते. तिरकीला तिरकी जोडली तर चार दिवसांत ती शिवण लोंबायला लागते आणि घेर खाली-वर होतो. तिरकी कड नेहमी शेजारणीच्या सरळ कडेला जोडायची, मग सरळ कड तिला धरून ठेवते.

कापडाच्या पन्ह्याचंही, म्हणजे रुंदीचंही, असंच. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारा तुकडा. धावता धोटा निघाला १७३३ साली, इंग्लंडमध्ये, जॉन के नावाच्या माणसानं काढला. त्याआधी एकटा विणकर धोटा या हातातून त्या हातात टाकायचा, म्हणजे पन्हा त्याच्या हातांच्या पल्ल्याएवढाच. आज आपण ४४ इंची पन्ह्यातून पुढचा-मागचा भाग अखंड काढतो आणि मग जुन्या कपड्यातला मधला जोड ‘कशाला हवा’ म्हणून गाळतो. तो जोड नसला की कपडा कुठंतरी चुकल्यासारखा दिसतो, आणि बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही.

आता कापड. इथं फसवणूक फार. कापड पेठेत कुठल्याही दुकानात विचारा, “ताई, प्युअर कॉटन आहे,” हेच उत्तर. हात लावून कळत नाही, निदान मला तरी अजून खात्रीनं कळत नाही. म्हणून मी चार बोटं तुकडा घरी आणते. कडेनं एक उभा धागा ओढते, एक आडवा. दोन्ही वेगळे तपासायचे, कारण कधी कधी ताणा सुती असतो आणि बाणा पॉलिएस्टरचा. स्टीलच्या ताटलीवर चिमट्यात धरून काडी लावायची. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा, आणि मागं चिमटीत भुरभुरणारी राख राहते. रेशीम आणि लोकर जळक्या केसांसारखी घाण वास मारतात, ज्योत काढली की बहुधा विझतात. पॉलिएस्टर आकसतं, वितळतं, आणि त्याचा टणक काळा मणी होतो. तो मणी गरम असताना बोटाला लागला तर चिकटतो आणि कातडी घेऊनच निघतो.

हे शेवटचं मी पालकांना मुद्दाम सांगते, कारण मिरवणुकीत मशाली असतात. सुती कापडही पेट घेतं, त्यात शंका नको. पण ते अंगावर वितळत नाही. चकचकीत सॅटिनचा ‘मावळा ड्रेस’ घालून मशालीशेजारी उभं केलेलं सात वर्षांचं पोर बघितलं की मला इतिहास वगैरे काही आठवत नाही, फक्त अंतर मोजते. शिवाय पॉलिएस्टर हे मुळात १९४१ सालचं, मँचेस्टरकडच्या दोघा रसायनतज्ज्ञांनी शोधलेलं. रायगडावर ते पोचण्याचा प्रश्नच नव्हता.

मग घ्यायचं काय? साध्या शिपायासाठी जाड खादी. धागा कुठं जाड कुठं बारीक, प्रकाशात धरली की ढगाळ दिसते, तशीच हवी. फक्त खादीच्या दुकानात पॉलिवस्त्र नावाचंही कापड मिळतं, त्यात पॉलिएस्टर असतं. पावतीवर नाव वाचा. आणलेलं कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवा, खळ काढा, वाळवा, मगच कात्री लावा. मी एकदा घाई केली आणि पहिल्या धुण्यात बाह्या मनगटावरून वर सरकल्या.

श्रीमंतांच्या पोशाखाला येवला जवळ आहे हे आपलं नशीब. हातमागाच्या पैठणीचा काठ उलटून बघा: मोर, वेल उलट्या बाजूनंही जवळजवळ तसेच दिसतात, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या जागीच अडकवून मागं फिरवलेला असतो. मागच्या बाजूला धागे लोंबत किंवा कापलेले दिसले तर ती यंत्रमागाची. पण म्हणून देखाव्यातल्या सगळ्या बायकांना पैठणी नेसवायची का? रोजच्या अंगावर तेव्हाही सुती लुगडंच होतं.

आता टाका. शिवणयंत्राचं पेटंट अमेरिकेत एलिअस होवनं १८४६ साली घेतलं, सिंगरनं १८५१ साली. त्याआधीचा आपल्याकडचा प्रत्येक कपडा, छत्रपतींचा असो की पखालीवाल्याचा, हाताचा. यंत्राची टीप दोन दोऱ्यांची, दोन्ही बाजूंनी एकसारखी, मुंग्यांच्या रांगेसारखी. हाताच्या कामात लांब शिवणीला धावदोरा, ताणाच्या जागी उलटी टीप, आणि मग कापलेल्या कडा आत दुमडून तुरपाई. आतून बाहेरून दोन्हीकडून स्वच्छ. आमच्या ओव्हरलॉकच्या जाळीला तिथं जागाच नाही. आणखी एक: दोरा कापडापेक्षा दणकट नको. सुती कापडाला पॉलिएस्टरचा दोरा वापरला तर ताण आल्यावर दोरा तुटत नाही, कापड फाटतं. दोरा तुटला तर पाच मिनिटांचं काम, कापड फाटलं तर ठिगळ.

पूर्ण हातानं शिवलेल्या अंगरख्याला मला साधारण चाळीस तास लागतात. अकरा पोरांचे अकरा म्हटले तर पुढच्या वर्षीची शिवजयंती येईल. म्हणून आतल्या लांब शिवणी मी मशीनवर मारते आणि गळा, बंद, बाहीची तोंडं, खालचा घेर, म्हणजे जे दिसतं ते हातानं करते. परदेशातही असे हिशेब चालतात. इंग्लंडमध्ये ‘सील्ड नॉट’ ही संस्था १९६८ पासून तिथल्या यादवी युद्धाच्या लढाया पुन्हा उभ्या करते. अशा मंडळींत एक दहा फुटांचा नियम सांगतात: दहा फुटांवरून बरोबर दिसलं की पुरे. त्याच मंडळींत याच्या उलट टोकाचे लोकही असतात, त्यांना चेष्टेनं धागे मोजणारे म्हणतात. मी या दोघांच्या मध्ये कुठंतरी आहे. मिरवणुकीला दहा फूट ठीक आहेत. पण शाळेत पोरं येऊन बाही हातात धरून बघतात, तिथं दहा फूट कुठून आणायचे?

कापड, कापणी, टाका हे जमलं तरी सगळं फसू शकतं, कारण खरा प्रश्न आधीचा आहे: कोण, कुठला, कोणत्या साली? ‘मराठेशाहीचा पोशाख’ असं काही नसतं. शिवरायांचा राज्याभिषेक १६७४ चा, पेशवाई संपली १८१८ ला. मध्ये जवळपास दीडशे वर्षं. आपण आपल्या आजोबांच्या लग्नातला कोट आज घालत नाही.

आमच्या रामशेजच्याच देखाव्याचं घ्या. आशेवाडीच्या डोक्यावरचा हा गड १६८२ पासून काही वर्षं मोगलांना दाद देत नव्हता. चामड्यात मढवलेल्या लाकडी तोफांची गोष्ट नाशिकच्या पोरांना पाठ आहे. त्या गडावरच्या शिपायाला आपण काय घालतो? पांढराशुभ्र अंगरखा, चुडीदार आणि डोक्याला पुठ्ठ्यावर चिकटवलेली पुणेरी पगडी. ही पगडी म्हणजे टिळक-रानड्यांच्या काळाची ओळख, दोनशे वर्षं पुढची. शिपायाला मुंडासं हवं, अंगात बंडी, खाली गुडघ्यापर्यंतचा चोळणा आणि खांद्यावर घोंगडी. घोंगडी खरी हवी, दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली. ती टोचते. टोचू द्या. पोरं तक्रार करतात आणि मग फेब्रुवारीच्या पहाटे गडावर तीच पांघरून बसतात.

दुसरा प्रसंग जरा अवघड आहे. एका ठिकाणी पेशवाईतल्या नाशिकचा देखावा होता. गंगापूरला राहणाऱ्या गोपिकाबाई दाखवल्या होत्या: जांभळी पैठणी, मोत्यांची नथ, हातभर हिरव्या बांगड्या. शिवण बघितली तर अप्रतिम. पण गोपिकाबाई नाशकाकडे राहिल्या त्या वैधव्यात. त्यांचे पती नानासाहेब पेशवे १७६१ साली गेले, पानिपतानंतर काही महिन्यांत. नथ कुठली नि बांगड्या कुठल्या? कपडा शंभर टक्के हातमागाचा आणि माणूस शंभर टक्के चुकीचा. मी आयोजकांना हळूच सांगितलं, तर ते म्हणाले, “अहो, पण स्टेजवर शोभा नको का?” यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

मग बरोबर काय, हे ठरवायचं कशावरून? जुने कपडे संग्रहालयात आहेत, पण ते बहुतेक श्रीमंतांचे आणि सणासुदीचे. गरिबाचा कपडा संग्रहालयापर्यंत पोचतच नाही. तो विरतो, मग त्याची गोधडी होते, गोधडी विरली की पायपुसणं, शेवटी चुलीशेजारचं फडकं. म्हणून साध्या माणसासाठी चित्रं बघावी लागतात, जुन्या याद्या-हिशेब बघावे लागतात, आणि म्हाताऱ्या माणसांच्या अंगावरच्या बंड्या, कोपऱ्याही. शिवरायांची त्यांच्या काळाच्या जवळची दख्खनी शैलीतली चित्रं अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये आणि लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहेत. इंटरनेटवर ती मोठी करून बघता येतात. कॅलेंडरवरच्या चित्राऐवजी पोरांना हीच दाखवा. उत्तर पेशवाईसाठी जेम्स वेल्स या चित्रकाराचं काम आहे. तो १७९० च्या दशकात पुण्यात होता आणि त्यानं सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांना समोर बसवून रंगवलं.

चित्र बघताना एक सावधगिरी. त्या काळच्या रिवाजानुसार जाम्याचे बंद हिंदू डाव्या बगलेत बांधत आणि मुसलमान उजव्या. दोन माणसांचा बाकी पोशाख इतका सारखा असायचा की कित्येकदा फरक कळतो तो एवढ्यावरूनच. आणि मोबाइलवर फिरणारं चित्र कुणीतरी उलटं केलेलं असलं की शिंपीही उलटे बंद लावतो. तलवार कुठल्या हातात आहे ते आधी बघा.

रंगांबद्दल दोन गैरसमज मला रोज भेटतात. पहिला, जुने रंग मळकट होते. मुळीच नाही. करडईच्या फुलांचा कुसुंबी गुलाबी असा झगझगीत येतो की आजची पोरं त्याला निऑन म्हणतील. दोष एवढाच की उन्हात तो लवकर उडतो. मंजिष्ठेचा लाल टिकतो, पण सुती कापडाला तो तसाच धरत नाही. आधी हिरड्याच्या पाण्यात कापड बुडवायचं, मग तुरटीच्या, मग मंजिष्ठेच्या. नीळ तर नुसत्या पाण्यात विरघळतच नाही. आंबवलेल्या पिंपात ती विरघळते, कापड बाहेर काढताना हिरवट-पिवळं दिसतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होत जातं. काळा करायला हिरडा आणि गंजलेलं लोखंड. तो मात्र कापड खातो. जुन्या वस्त्रांत काळे भाग आधी विरलेले दिसतात ते त्यामुळे. हे सगळं घरी करायला बसू नका, मोरी वर्षभर निळी राहते. पण बाजारात रंग निवडताना एवढं माहीत असलं की पुरे: पहिला रासायनिक रंग, जांभळा, पर्किननं १८५६ साली काढला. त्यामुळे चमकत्या जांभळ्या सॅटिनचा शेला सोळाशे ब्याऐंशीच्या गडावर नको.

दुसरा गैरसमज असा की कपडा जुना वाटला म्हणजे अस्सल झाला. काही जण नवा अंगरखा चहाच्या पाण्यात उकळतात, कोपरांवर दगडानं घासतात. संग्रहालयातला जामा पिवळा आहे कारण त्यावरून दोन-तीनशे वर्षं गेली आहेत. ज्यानं तो पहिल्यांदा अंगात घातला त्याच्यासाठी तो नवा कोरा होता, पांढरा, खळीनं कडक. शिपायाचा मळलेला असावा, जरूर, पण तो मळ त्यानं स्वतः मिळवलेला बरा. आमची पोरं आशेवाडीतून गड चढून उतरली की चहापत्तीची गरज उरत नाही.

यंदा अकराही अंगरखे चौबगला घालून शिवले. दांडपट्टेवाल्याला मी अंगणात उभं केलं, शेला करकचून बांधला आणि म्हटलं, फिरव. त्यानं पट्टा चारदा डोक्यावरून नेला, मग खाली वाकून पायाजवळून. शिवण जागची हलली नाही. हलली ती डोक्यावरची गोष्ट. यंदा तयार पगड्या बंद केल्यात आणि पागोटं रोज डोक्यावर बांधायचं ठरवलंय. पगडी एकदा साच्यावर बांधून टोपीसारखी घालतात, पागोट्याला मात्र दर वेळी नव्यानं पीळ द्यावा लागतो. पाचव्या फेरीला त्याचं सगळं पागोटं सुटून गळ्यात आलं. अकरापैकी तिघांचं असं होतं. रविवारी सकाळी गोदाघाटावर बोलावलंय सगळ्यांना, नुसती पागोटी बांधायला.